पायलीभर ज्वारीचा विमा

खळ्यावर ज्वारीची रास पडली की ती सगळीच्या सगळी शेतकऱ्याच्या घरात जात नसे. सुतारानं वर्षभर वखर आणि तिफण नीट करून दिलेली असे, लोहारानं फाळाला धार लावून दिलेली असे, न्हाव्यानं घरातल्या लहानथोरांची डोकी केलेली असत. काम करताना कुणी पैसे मागितलेले नसत. रास मापताना प्रत्येकाचं बलुतं बाजूला काढलं जाई. ज्याचं वावर मोठं, त्याच्या राशीतून जास्त निघे. ज्याचं बारकं, त्याच्याकडून कमी. या व्यवस्थेत जातीची उतरंड होती, कुणाच्या ओंजळीत दाणे वरून टाकण्याचा अपमानही होता. ती मोडली ते बरं झालं. पण तिच्यात एक जाण होती, ती विसरण्यासारखी नाही. शेतकऱ्याच्या हातात पैसा बारा महिने नसतो, गरज मात्र बारा महिने असते. म्हणून सुगीला द्यायचं आणि वर्षभर हक्कानं मागायचं.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात वर्धा जिल्ह्यातल्या काही गावांत या राशीतून एक नवा वाटा निघू लागला. तो दवाखान्याचा होता.

ही गोष्ट सेलूच्या अंगानं सांगावीशी वाटते. नागपूर-वर्धा रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव, एके काळी केळीच्या बागांसाठी नाव असलेलं. हिंगणी, केळझर, सिंदी रेल्वे, बोर धरणाकडची जंगलाला लागलेली गावं, हा सगळा सेलूचा परिसर. इथल्या माणसाचं दुखणं आधी अंगावर काढलं जातं. मग ते गावातल्या डॉक्टरच्या सुईवर जातं, मग सेलूच्या ग्रामीण रुग्णालयात, आणि तिथून ‘पुढे न्या’ असं सांगितलं की वर्ध्याच्या दिशेनं गाडी निघते. पुढे म्हणजे सावंगीचं नाही तर सेवाग्रामचं मोठं रुग्णालय. या प्रवासात पूर्वी गाडीभाड्याबरोबर आणखी काही गोष्टी हळूहळू खर्ची पडत जात. बैलजोडी, बायकोच्या गळ्यातली पोत, आणि शेवटी वावराचा तुकडा. कर्जाच्या कागदावर कारण ‘बियाणं’ असं लिहिलेलं असलं, तरी पैसा दवाखान्यात गेलेला असे. हे विदर्भात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

अशा माणसासाठी कायदा नव्हता का? कायदा होता, पण तो त्याच्यासाठी नव्हता.

दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४३ मध्ये, हिंदुस्थान सरकारनं प्रा. बी. पी. आडारकर यांच्यावर कारखान्यांतल्या कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम सोपवलं. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. आडारकरांचा अहवाल १९४४ मध्ये आला, आणि त्याच्या पायावर १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. स्वतंत्र देशाला नीट वर्षही झालेलं नव्हतं, राज्यघटना लिहून व्हायची होती, आणि तरीही कामगाराच्या आजारपणाचा कायदा झाला. ही साधी गोष्ट नव्हे. २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत तो प्रत्यक्ष लागू झाला. मजुराच्या पगारातून थोडं, मालकाकडून त्याहून जास्त, आणि त्या बदल्यात दवाखाना, आजारपणाची रजा, बाळंतपणाचा पगार, अपघाताची भरपाई.

पण कायद्याला पकडायला पगाराचं पुस्तक लागतं. हिंगणघाट आणि पुलगावच्या गिरण्यांत हजेरीपट होता, महिन्याचा पगार होता, मालकाचं नाव पाटीवर होतं. सेलूच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाईचा मालक दर आठवड्याला वेगळा. तिची मजुरी किलोवर आणि हिशेब पदराच्या गाठीत. आणखी एक बारकावा या जिल्ह्यासाठी फार मोठा ठरला. कायद्यानं हंगामी कारखाने वगळले होते, आणि हंगामी म्हणजे कोणते याची जी यादी दिली, तिच्यात कापसाचं जिनिंग आणि प्रेसिंग आलं. कापसाच्या मुलखात कारखाना म्हटला की जिनिंगच. कपाशीची धूळ छातीत घेऊन वर्षातले काही महिने तिथं राबणारा मजूर त्यामुळे कुंपणाबाहेर राहिला. वावरातलाही बाहेर आणि जिनातलाही बाहेर.

सर जोसेफ भोर यांच्या समितीनं १९४६ मध्येच सांगून ठेवलं होतं की केवळ पैसे नाहीत म्हणून कुणाचाही उपचार अडता कामा नये. त्या अहवालातून प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना आली आणि केंद्रं गावोगाव उभी राहिलीही. मात्र तिथून पुढे पाठवलेल्या रुग्णाचं बिल कोण भरणार, हा प्रश्न खेड्यापुरता तसाच लोंबकळत राहिला.

सेवाग्रामला वेगळी माती होती. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी शेगाव नावाच्या या खेड्यात राहायला आले आणि पुढे त्याचं नाव सेवाग्राम झालं. आश्रमाच्या डॉक्टर होत्या सुशीला नय्यर. फेब्रुवारी १९४४ मध्ये कस्तुरबा पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत वारल्या, तेव्हाही सुशीलाताई तिथं त्यांच्याबरोबर बंदिवासात होत्या. त्यानंतर सेवाग्रामला बिर्लांनी बांधलेल्या अतिथिगृहात बायका आणि मुलांसाठी पंधरा खाटांचं छोटं रुग्णालय सुरू झालं आणि त्याला कस्तुरबांचं नाव मिळालं. सुशीलाताई पुढे देशाच्या आरोग्यमंत्री झाल्या, आणि १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, त्यांनी इथंच महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था काढली. खेड्यातलं वैद्यकीय महाविद्यालय. खर्चाची वाटणीही ठरली: निम्मा केंद्र सरकारचा, पाव राज्य सरकारचा, पाव कस्तुरबा हेल्थ सोसायटीचा. हा शेवटचा पाव हिस्सा संस्थेला स्वतः उभा करावा लागे. त्यामुळे रुग्णांकडून काय आणि किती घ्यायचं, हा सवाल इथं पहिल्या दिवसापासून जिवंत होता.

त्या सवालाशी सर्वांत जास्त झटले ते मेडिसिन विभागातले डॉ. उल्हास जाजू. खेड्यांत काम करू पाहणाऱ्या तरुण डॉक्टरांच्या मेडिको फ्रेंड सर्कल या गटातल्या चर्चांचं वारं तेव्हा वर्ध्यात होतंच. जाजूंनी सेवाग्रामजवळच्या नागापूरसारख्या गावात जाऊन बसायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणून गेले तरी त्यांना तिथं आधी शिकावंच लागलं. गावाला गोळ्यांपेक्षा पाण्याची, मजुरीची, दुधाच्या भावाची चिंता जास्त होती. आणि फुकट औषध वाटलं तर ते आधी कुणाच्या घरात पोचतं, तर ज्याचं घर चावडीजवळ आणि शब्द वजनदार त्याच्या. शिवाय फुकट मिळालेल्या गोष्टीबद्दल तक्रार करायला माणूस कचरतो. डॉक्टर उशिरा आला तर ‘आला तरी’ म्हणून त्याचे उपकार मानायचे. स्वतःच्या राशीतली पायलीभर ज्वारी दिलेली असली की तोच माणूस विचारतो, ‘साहेब, उशीर का झाला?’

हा प्रश्न विचारता यावा म्हणून ज्वारी घ्यायची. योजनेचं मर्म मला इथं दिसतं.

तिचं गणित साधं होतं आणि तरी खोल होतं. सुगीनंतर प्रत्येक कुटुंबानं ज्वारी द्यायची. भूमिहीन मजुरानं ठरलेलं लहान माप, जमीनवाल्यानं त्याच्या जमिनीच्या मानानं चढतं. देताना ऐपत पाहायची, घेताना गरज. मोठ्या वावराचा धनी आणि त्याच्याकडे राबणारा सालगडी दोघंही भरती झाले तर दोघांना एकाच वॉर्डात, एकाच नियमानं उपचार. जमलेल्या धान्याच्या पैशांतून गावातल्या आरोग्यसेवकाचं मानधन आणि त्याच्या पेटीतली औषधं निघत. ताप, हगवण, खरूज, जखम हे गावातच निपटे. सेवाग्रामहून डॉक्टर आणि परिचारिका ठरल्या दिवशी गावात येत. अचानक कोसळणाऱ्या आजारासाठी कस्तुरबा रुग्णालयात भरतीचा भार कुटुंबावर पडत नसे. नेहमीचं बाळंतपण किंवा मोतीबिंदू यांसारख्या आधी ठाऊक असलेल्या खर्चाचा काही भाग मात्र रुग्णानं उचलायचा. विम्याचं सगळं शास्त्र या भेदात आहे. जे कुणावरही, कधीही येऊ शकतं, ते सर्वांनी मिळून वाहायचं. जे येणार हे माहीत आहे, त्याची तजवीज घरानं थोडी आपली आपण करायची.

रुग्णालयाच्या खऱ्या खर्चापुढे ही ज्वारी थोडीच होती. उरलेला बोजा संस्था आणि पर्यायानं सरकारी अनुदान उचलत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. काहींनी याच मुद्द्यावर योजनेला नावं ठेवली: गावानं दिलं किती आणि घेतलं किती! पण तिच्यातला खरा हिशेब वेगळा आहे. सरकारी पैसा मोठ्या दवाखान्यात येतच होता. ज्वारीच्या मापानं त्या पैशावर गावाचा हात ठेवला.

आणि एक अट होती. गावातली पंचाहत्तर टक्के कुटुंबं सामील झाली तरच गाव योजनेत. एकट्यादुकट्यानं येऊन ‘माझी ज्वारी घ्या, माझ्या आईला दम्याचा त्रास आहे’ म्हटलं तर भागणार नाही. ऐकायला ही अट कठोर वाटते. पण विचार करा. फक्त ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे तेच ज्वारी देऊ लागले, तर देणारे थोडे आणि घेणारे सगळे. वर्षभरात कोठी रिकामी. धडधाकट घरांनीही द्यायला हवं, आणि ते देतील कधी, तर शेजारीपाजारी, भाऊबंद, पार्टीतले आणि पार्टीबाहेरचे एकत्र बसून ठरवतील तेव्हा. म्हणून ज्वारी मागण्याआधी गावाची सभा. एका गावात दोन तट असतील तर तट मिटेपर्यंत योजना थांबे. पंचाहत्तर टक्क्यांचा आकडा औषधाआधी गावाला एका सतरंजीवर आणत होता.

तीस-एक वर्षांनी जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात नेमक्या याच मुद्द्यावर रण माजलं. २३ मार्च २०१० ला राष्ट्राध्यक्ष ओबामांनी अमेरिकेच्या आरोग्य सुधारणा कायद्यावर सही केली. आधीपासून आजार असलेल्याला विमा नाकारायचा नाही, त्याच्याकडून जास्त पैसेही उकळायचे नाहीत, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना हप्त्यासाठी सरकारनं मदत करायची, अगदी गरिबांसाठी सरकारी योजनेची वेस रुंदावायची, आणि या सगळ्याच्या बदल्यात निरोगी माणसानंही विमा घ्यायचा, नाही तर दंड भरायचा. या शेवटच्या अटीवर लोक कोर्टात गेले. नागापूरच्या सभेत जी गोष्ट समजुतीनं घडवायची होती, ती तिथं दंडाच्या धाकानं घडवावी लागली. २८ जून २०१२ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं दंडाची अट टिकवली, पण गरिबांसाठीची वाढीव योजना राबवायची की नाही हे राज्यांच्या मर्जीवर सोडलं. मग एका राज्यातल्या गरिबाला विमा, आणि सीमेपलीकडच्या तशाच गरिबाला नाही, असं झालं.

त्यानंतर चौथ्या दिवशी, २ जुलै २०१२ ला, महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, आणि आपल्याकडेही सीमेची गोष्ट घडली.

या योजनेमागे विदर्भाची जखम होती. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरलेला होता. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग वर्ध्याकडच्या खेड्यांत येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात कर्ज होतं, व्याज होतं, सिंचन होतं. आजारपणाच्या खर्चाकडे मात्र सरकारचं लक्ष वळायला आणखी सहा वर्षं गेली. त्याआधी १९९७ पासून राज्यात जीवनदायी योजना होती, पण ती मोजक्या मोठ्या आजारांपुरती. नव्या योजनेत पिवळ्या आणि केशरी रेशन कार्डावरच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत, ९७२ उपचारांसाठी, रोख न भरता इलाज मिळणार होता. हप्ता सरकार भरणार होतं. दवाखान्याच्या दारात ‘आरोग्यमित्र’ बसणार होता.

पहिल्या टप्प्यात आठ जिल्हे होते. त्यांत अमरावती होता, वर्धा नव्हता. दोन्ही जिल्ह्यांच्या सीमेवरून वर्धा नदी वाहते. पश्चिम तीरावरच्या माणसाच्या हृदयाची शस्त्रक्रिया कार्डावर होऊ शके. पूर्व तीरावरच्या माणसाला तेवढ्यासाठी वावर विकावं लागे. ज्या जिल्ह्यात गावानं स्वतःचा विमा तीन दशकं आधी उभा केला, तो जिल्हा सरकारी विम्याच्या रांगेत मागं उभा राहिला. २१ नोव्हेंबर २०१३ ला योजना राज्यभर गेली तेव्हा सेलूच्या माणसाचं कार्ड चालू लागलं.

तरी एक भेग उरली होती. शेतकऱ्याकडे शुभ्र कार्ड असलं तर तो बाहेर. दहा एकर कोरडवाहू कागदावर श्रीमंत दिसते. दोन वर्षं बोंडअळी आली की तीच दहा एकर गळ्यात धोंडा होते. पुढे आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतल्या, म्हणजे वर्ध्याच्याही, शुभ्र कार्डधारक शेतकऱ्यांना सातबारा दाखवून योजनेत येता येऊ लागलं. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतीराव फुले यांचं नाव मिळालं. २३ सप्टेंबर २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत आली, पाच लाखांची. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रानं दोन्ही योजना एकत्र चालवायला घेतल्या. करोनाची पहिली लाट चढत होती, आणि त्या काळात शुभ्र कार्डवाल्यांनाही दार उघडलं गेलं. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं हे दार कायमचं उघडं झालं: राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना, कार्डाचा रंग न पाहता, वर्षाला पाच लाख, १,३५६ उपचार. प्रत्यक्षात ते लागू झालं १ जुलै २०२४ ला. त्याआधी १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले, केसपेपरसकट. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला केंद्राच्या योजनेत घेतलं.

गिरणी कामगाराच्या हजेरीपटापासून सेलूच्या भूमिहीन मजुरापर्यंत यायला १९४८ पासून पासष्ट वर्षं लागली. मी या योजनेच्या बाजूचा आहे. डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा सावंगीला किंवा सेवाग्रामला जाणाऱ्या माणसाला विचारावं, कार्ड म्हणजे काय. त्याच्या घरातली बैलजोडी अजून दावणीला आहे, हेच त्याचं उत्तर.

म्हणूनच दोन गोष्टी सलतात. १९४८ मध्ये झाला तो कायदा. हक्क नाकारला तर कामगाराला कायद्यानं नेमलेल्या न्यायालयात जाता येतं. फुले योजना शासन निर्णयावर उभी आहे. एका निर्णयानं ती आली, दुसऱ्या निर्णयानं तिचे उपचार वाढू शकतात, घटूही शकतात. राजस्थाननं २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा विधानसभेत मंजूर केला. आपल्याकडे धर्मादाय रुग्णालयांतल्या दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बलांसाठी राखायला लावणारी, सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या कायद्यातली ४१ कक ही तरतूद आहे, तीही उच्च न्यायालयानं २००६ मध्ये सविस्तर योजना घालून दिल्यावर नीट हलली. कायद्यात लिहिलेलं असलं की कोर्टात उभं राहता येतं, एवढा धडा त्यातून घेता येतो.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. सरकारी विमा माणूस भरती झाल्यावर सुरू होतो. ज्वारीचा विमा गावातल्या पेटीपासून सुरू होत होता. रक्तदाबाच्या गोळ्या, साखरेची तपासणी, गर्भवतीचं रक्त, पोराचा ताप, यांना पाच लाखांच्या कार्डात जागा नाही. माणसाला झटका येऊन तो अतिदक्षता विभागात गेला की कार्ड जागं होतं. तो झटका टाळणाऱ्या महिन्याच्या गोळ्यांच्या वेळी ते कपाटात निजलेलं असतं. गावात आता आशा ताई आहेत, २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानानं दिलेल्या, आणि त्यांचं काम मोलाचं आहे. पण त्यांचा मोबदला वरून, कामाच्या नोंदींवर येतो. नागापूरच्या आरोग्यसेवकाचा मोबदला गावाच्या राशीतून येत असे, आणि तो कामाला आला नाही तर गाव सभेत उभं राहून विचारत असे. आज कार्ड नाकारलं गेलं तर सेलूच्या माणसानं कुठल्या सभेत विचारायचं? हेल्पलाइनचा नंबर असतो. सतरंजी नसते.

ज्वारीही राहिली नाही. नव्वदच्या दशकापासून सोयाबीननं वर्धा जिल्ह्यातली वावरं व्यापली. सोयाबीन खळ्यावर पडून राहत नाही. थ्रेशरमधून पोत्यात जातं, पोत्यातून थेट बाजार समितीत, आणि हातात येते ती पट्टी, कृषी केंद्राची उधारी वजा होऊन. तिच्यातून पायली काढता येत नाही. सेलूकडे थंडीत फिरलं तर धुऱ्याच्या कडेला अजून कुठं कुठं ज्वारीच्या चार ओळी दिसतात. पोरांच्या हुरड्यासाठी आणि गाईच्या कडब्यासाठी राखलेल्या.